तांबटाच्या मुलीचे घर

फार पूर्वीची गोष्ट. रस्त्यांना अजून मैलाचे दगड नव्हते, त्या काळातली.

एका मोठ्या राजधानीत केरोबा नावाचा तांबट राहत होता. बायको गिरजा, चार वर्षांची मुलगी ठकी आणि एक तान्हे बाळ, एवढाच त्याचा संसार. त्याचे घर हत्तीदरवाज्यापाशी, तांबटआळीत होते. दिवस उगवला की आळीत शंभर हातोड्या एकदम सुरू होत. भट्ट्यांचा धूर घराघरांत कोंडे. त्या धुराने बाळाला खोकला जडला, तो काही केल्या जाईना. वैद्य म्हणाले, "औषध मी देईन, पण हवा कुठून देऊ?"

त्याच सुमारास चार दिवसांच्या वाटेवरल्या एका लहान गावाचा निरोप आला. तिथला म्हातारा तांबट वारला होता आणि गावाला भांडी घडवणारा माणूस हवा होता. केरोबाने गाडी भरली, लेकरांना घेतले आणि तो त्या गावी आला.

बाळाचा खोकला पंधरा दिवसांत थांबला. केरोबाचा जीव मात्र थाऱ्यावर येईना.

सकाळी तो जागा होई, तर बाहेर सामसूम. एकट्या हातोडीचा आवाज त्याला परका वाटे. बाजार आठवड्यातून एकदाच भरे आणि दुपार कलली की उठूनही जाई. इथले पाणी जड, इथले ताक आंबट, इथली माणसे बोलताना घाई म्हणून करत नाहीत, असे तो रोज काहीतरी म्हणे. हंडा अर्धा ठोकून झाला की हातोडी ठेवून तो वेशीपर्यंत जाई आणि राजधानीकडच्या रस्त्याकडे बघत उभा राही. परत येई, दोन ठोके घाली, पुन्हा उठे.

शेजारी एक म्हातारी तेलीण राहत होती. तिने गिरजेला हळदीकुंकवाला बोलावले. केरोबाने जाऊ दिले नाही. उगाच माया लावून घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. पारावरच्या मंडळींनी त्याला बसायला बोलावले, तेव्हा तो उभ्यानेच म्हणाला, "आम्ही काय, चार दिवसांचे पाहुणे."

ठकीला तो अंगणाबाहेर खेळायला सोडत नसे. निजताना मात्र तिला रोज विचारी, आपले घर कुठे? आणि ठकी घोकल्यासारखे सांगे, राजधानीत, हत्तीदरवाज्यापाशी, तांबटआळीत. ते ऐकले की त्याला तेवढ्यापुरते बरे वाटे. गिरजा एकदा हळूच म्हणाली, की पोरीला इथला पत्ताही सांगावा. त्याने ते कानाआड केले. असे आठ महिने गेले.

एका बाजाराच्या दिवशी राजधानीहून गाड्या आल्याचे त्याला कळले. ठकीचा हात धरून तो धर्मशाळेत धावला. एक गाडीवान तांबटआळीच्या शेजारचाच निघाला. कोण कुठे गेले, कोणाची भट्टी कोणी घेतली, अशी चौकशी सुरू झाली. बोलता बोलता केरोबाने मुलीचा हात कधी सोडला, ते त्याचे त्यालाच कळले नाही.

वळून पाहिले तेव्हा ठकी नव्हती.

त्याने बाजार पालथा घातला. शेवटी विहिरीजवळ मडकी मांडून बसलेली एक कुंभारीण म्हणाली, की अशी एक पोर रडत आली होती खरी. कुंभारणीने साऱ्या बाजाराला विचारले होते, पण पोर कोणाची हे एकालाही सांगता आले नाही. तिला कोणाच्या अंगणात खेळताना कोणी पाहिलेच नव्हते. मग पोरीलाच विचारले. तिने घर राजधानीत सांगितले. वाटसरूंची चुकली असेल, असे समजून लोकांनी तिला राजधानीकडे निघालेल्या एका धान्यवाल्याच्या गाडीत बसवून दिले. त्याची बायको बरोबर होती, माणसे भली होती.

"ती माझी मुलगी आहे," केरोबा म्हणाला. "आम्ही इथंच राहतो."

कुंभारणीने त्याच्याकडे नीट पाहिले. "मग बाबा, तिला ते कोणी सांगितलं नाही का?"

धान्यवाल्याच्या गाड्या जाऊन एक प्रहर झाला होता. त्या गाठायला घोडे हवे होते, आणि घोडे कोणाकडे आहे हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हते. भर बाजारात तो नुसता उभा राहिला.

एवढ्यात बाळाला कडेवर घेऊन गिरजा आली. तिला कोणीतरी कळवले होते. ती रडली नाही की नवऱ्याला बोलली नाही. ती सरळ तेलिणीच्या दारात गेली. तेलिणीच्या मुलाकडे गावोगाव तेल पोचवायचे दोन तट्टू होते. म्हातारीने दोन्ही सोडायला सांगितले. केरोबा मान खाली घालून म्हणाला, की आजवर आम्ही तुमच्या दारात पाऊलही टाकले नाही.

"तुम्ही येत नव्हता," म्हातारी म्हणाली. "पण आम्ही तुम्हाला शेजारीच धरलं होतं."

दोघे लगेच निघाले. पुढे खिंडीपाशी राजधानीच्या रस्त्याला दोन फाटे फुटत होते. एका वाटेने तेलिणीचा मुलगा गेला, दुसऱ्या वाटेने केरोबा. दिवस मावळायच्या बेतात असताना नदीच्या उताराशी केरोबाला गाड्या दिसल्या. बैल पाणी पीत होते. ठकी पोत्यांवर बसून धान्यवाल्याच्या बायकोने दिलेला गूळ खात होती. बापाला पाहून ती हसली.

"बाबा, तुम्हीपण आलात? आपण घरी चाललोय."

केरोबाने तिला छातीशी धरले. मग त्या नवराबायकोचे पाय धरून त्याने तट्टू माघारी वळवले. ठकी वळून वळून नदीपलीकडे बघत होती. घर तर तिकडे आहे ना, असे तिने विचारले.

"तिकडं होतं," केरोबा म्हणाला. "आता आपण चाललोय तिकडं आहे. तुला चुकीचं सांगितलं मी."

दुसऱ्या दिवशी त्याने भट्टी पेटवली नाही. ठकीचा हात धरून तो गावातल्या एकेका दारात गेला. प्रत्येक ठिकाणी उंबऱ्याशी बसला, दिलेले पाणी प्याला आणि म्हणाला, "ही ठकी. आम्ही तेलिणीच्या शेजारी राहतो." कुंभारणीने ठकीला मातीचा बैल दिला. गिरजा त्या आठवड्यात चार घरी हळदीकुंकवाला जाऊन आली.

केरोबाची तगमग एका दिवसात गेली नाही. कित्येक सकाळी त्याचे कान त्या शंभर हातोड्या शोधत राहिले. पण पुढच्या बाजारात ठकी पुन्हा गर्दीत हरवली, तेव्हा कोणी बापाला शोधत फिरले नाही. भाजीवाल्या बाईने तिला उचलले, दुसऱ्या बाईने घेतले, आणि बापाला कळण्याआधी पोर घरी पोचून जेवायला बसली होती.

बोध असा: आईबापांचे मन जुन्या गावी अडकले असेल, तर लेकरांना नव्या गावी घर सापडत नाही.