धुंडीराजांची अडलेली गाडी

"अडली! मेली पुन्हा तिथंच अडली!"

टाकळगडचे धुंडीराजे आसनावरून ताडकन उठले. समोरच्या पडद्यावर त्यांची लाल गाडी तिसऱ्या वळणावर गोठून उभी होती. जांभूळगडच्या राजाची हिरवी गाडी शेजारून निघून गेली. महिन्यातला हा नववा पराभव. अक्षय्य तृतीयेची मोठी शर्यत आठवड्यावर आली होती.

"या कॉम्प्युटरचा कोणता भाग आधी बदलायचा?" राजांनी दरबाराला विचारलं.

"ग्राफिक्स कार्ड!" सेनापती गरजले. "सगळ्यात मोठं, तीन पंख्यांचं!" ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण मोठी वस्तू त्यांना एकूणच आवडायची.

"प्रोसेसर," दिवाण म्हणाले. "डोकं बदलल्याशिवाय कारभार सुधारत नाही, महाराज." एवढं बोलून त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते पगडी नीट करत बसले.

"रॅम," खजिनदार म्हणाले. "त्यातल्या त्यात स्वस्त."

राजांचं डोकं भणभणलं. त्यांनी कोपऱ्यात उभ्या नागोजीला पुढं बोलावलं. नागोजी कॉम्प्युटरचा राखणदार. मुळात तो हत्तीशाळेतला माहूत. हत्ती म्हातारा होऊन गेला, त्याच्या जागी कॉम्प्युटर आला, नेमणूक तीच राहिली.

"नागोजी, तू दिवसभर याच्यापाशी असतोस. उद्या दरबारात एकच भाग सांगायचा. तो बदलल्यावर गाडी पळाली तर ठीक. नाहीतर बिऱ्हाड उचल आणि गड उतर!"

तीन पिढ्या गडावर काढलेल्या घराण्यातला नागोजी रडतच खाली बसला. दुपारी त्याची मुलगी सगुणा भाकरी घेऊन आली, तेव्हाही तो तसाच बसलेला होता. सगुणा राजवाड्याच्या मुदपाकखान्यात भाकऱ्या थापायची. तिनं भाकरीची पुरचुंडी कॉम्प्युटरच्या खोक्यावर ठेवली आणि बापाची सगळी कहाणी ऐकून घेतली.

"आबा, रडून भाग सापडतो का? आधी चार घास खा."

तिनं पुरचुंडी सोडली आणि हात झटकन मागं घेतला. सकाळची थंडगार भाकरी तव्यावरून आत्ता उतरवावी तशी निघाली होती! लोण्याचं पाणी झालं होतं.

सगुणानं खोक्याकडं पाहिलं. त्यावर जरीची जाड शाल होती, वरपासून खालपर्यंत, चारी बाजूंनी लपेटलेली. मागच्या खंडेनवमीला तलवारींबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा झाली, तेव्हा राजांनी स्वतःच्या हातानं ती पांघरली होती.

"आबा, ही शाल तेव्हापासून इथंच?"

"मग? हत्तीला झूल, तशी याला शाल. महाराजांचा हुकूमच आहे, जो शाल काढील त्याचा हात कलम!"

"अस्सं," सगुणा म्हणाली, आणि बापाला भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. चैत्राचं ऊन, भिंतीसुद्धा तापलेल्या. नागोजीऐवजी सगुणा पुढं आली आणि मुजरा करून म्हणाली, "महाराज, उत्तर देते. पण आधी आपला सत्कार करू द्या. सत्काराशिवाय गडावर कुठलं काम सुरू झालंय?"

हे म्हणणं कुणालाच खोडता येईना. सेनापतींनी राजांना शाल पांघरली. दिवाणांनी दुसरी. खजिनदारांनी मोजून तिसरी. सगुणानं चौथी पांघरली आणि म्हणाली, "आता बसा, महाराज. एक शर्यत होऊन जाऊ द्या!"

"अगं, वेड लागलंय का तुला!" राजांनी चारही शाली एका झटक्यात उतरवल्या. "घामानं भिजलो मी! शाली अंगावर घेऊन कुणी काम करतं का? सत्कार झाला की शाल घडी करून बाजूला ठेवायची आणि कामाला लागायचं. एवढीही रीत ठाऊक नाही?"

"आता कळली, महाराज," सगुणा हात जोडून म्हणाली. "पण त्या बिचाऱ्याला कुणी सांगितली नाही. तो खंडेनवमीपासून सत्कार सोसतोय!"

राजांनी खोक्याकडं पाहिलं. मग स्वतः उठले, शालीखाली हात घातला आणि "अगाई गं!" म्हणून बोटं तोंडात घातली. आपला हुकूम आठवून त्यांनी एकदा स्वतःच्या हाताकडंही पाहिलं. नंतर शाल स्वतःच ओढून काढली. आतून झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि पसाभर गुलाल बाहेर पडला. नागोजीनं फडक्यानं जाळ्या पुसल्या. पंखे मोकळे होऊन घुमायला लागले.

खोकं निवल्यावर शर्यत सुरू झाली. लाल गाडी तिसऱ्या वळणावर आली. सगळ्यांनी श्वास रोखले. नागोजीनं तर डोळेच मिटले. गाडी न अडता भन्नाट पुढं गेली! आणि चौथ्या वळणावर सरळ भिंतीवर जाऊन आदळली.

राजांनी पुन्हा सुरुवात केली. गाडी पुन्हा भिंतीवर. आणखी एकदा. भिंत तीच.

"पोरी," राजे हळू आवाजात म्हणाले, "आता यात कोणता भाग बदलायचा राहिला?"

सेनापती छताकडं बघू लागले. दिवाणांनी पगडीला हात घातला. नागोजी मनातल्या मनात भांडीकुंडी बांधायला लागला.

"आता एकच राहिलाय, महाराज," सगुणा म्हणाली. "पण तो वंशपरंपरेनं आलेला आहे. तो बदलायचा अधिकार प्रजेला नाही!"

धुंडीराजे असे हसत सुटले की त्यांना आसनाचा हात धरावा लागला. हसता हसता डोळे पुसून ते म्हणाले, "नागोजी, गड सोडायचा नाही! आणि ही पोर उद्यापासून दिवाणांच्या शेजारी बसणार. त्यांनाही कुणीतरी रीत सांगायला हवीच!"

एवढं बोलून त्यांनी ती जरीची शाल उचलली आणि स्वतःच्या हातानं नागोजीच्या खांद्यावर घातली. नागोजीनं लवून मुजरा केला, शालीची नीट घडी करून काखेत मारली आणि तो कामाला लागला.