गालाला मऊ लागलेली शाल

मंडळी, विश्वास कोणावर ठेवाल? गालाला मऊ लागणाऱ्यावर, की अंगाला टोचणाऱ्यावर?

फार मागे घाटाच्या पायथ्याशी एका कोल्ह्याचं लोकरी कापडाचं दुकान होतं. घाटापलीकडच्या आजारी बहिणीला औषधाची मुळी द्यायला निघालेला ससा तिथं पांघरूण घ्यायला आला. सगळी गिऱ्हाइकं करतात तेच त्यानं केलं, कापड गालाला घासून पाहिलं. कोकराच्या लोकरीची विरळ शाल त्याला फार आवडली.

"लेकरा, मला घे," खुंटीवरची घोंगडी म्हणाली. "चिंचोक्याची खळ प्यायलेय मी, वीण घट्ट झालीय. टोचेन, पण वारा अडवीन. त्या शालीला दिव्यासमोर धर आणि आडून फुंकर मारून बघ."

"म्हातारीला कुणी विचारत नाही, म्हणून पोटात दुखतंय!" शाल हसली.

"घाटातला वारा आवरेल ना गं तुला?" सशानं विचारलं.

"आवरेल की!" शाल म्हणाली. आपल्या आडून फुंकर मारली तरी दिवा विझतो, हे तिला ठाऊक होतं.

खिंडीत वारा सुटला आणि शालीतून आरपार गेला. ससा तिला घट्ट ओढून घेत राहिला. "आवरेल म्हणाली होतीस ना?" एवढंच तो पुटपुटला. सकाळी मेंढ्यांना तो गारठून मेलेला सापडला, तेव्हा मुळी त्याच्या मुठीत तशीच होती.

मेंढ्यांनी आणून दिलेली शाल कोल्ह्यानं धुऊन पुन्हा टांगली. पुढं एका हरिणीनं ती गालाला घासली आणि तोच प्रश्न विचारला. सशाच्या आठवणीनं शाल या वेळी खरं सांगणार, तेवढ्यात कोल्हाच म्हणाला, "आवरेल की!"

मंडळी, दुकान मांडा नाहीतर संसार, आपल्या मालाचा हिशेब खरा ठेवा. गुण लिहाल तिथंच उणंही लिहा, एवढी विनंती.