खाटेचा कार्यकर्ता

एका वाडीत एक भोळा कार्यकर्ता होता. आता भोळा आणि कार्यकर्ता हे एका माणसात कसं जमायचं, असं तुम्ही विचाराल. जमत नाहीच. म्हणून तर गोष्ट झाली.

त्याचं नाव केरबा. लहानपणी आई त्याला म्हणाली, चुलीवर दूध ठेवलंय, बघ जरा. केरबा बघत बसला. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली. आई परसातून आली तर हा तिथंच. त्यानं सगळं नीट बघितलं होतं. सांगितलेलं काम करायचं, त्यात स्वतःची अक्कल घालायची नाही, असा त्याचा स्वभाव. घालायला फारशी नव्हती, ही गोष्ट वेगळी.

ही उंबरवाडी ओढ्याच्या अलीकडं. शाळा, दवाखाना, एस.टी. सगळं पलीकडं. मधे पूल नाही. पूल बांधतो म्हणून आबासाहेबांनी एका निवडणुकीत अलीकडच्या काठावर कोनशिला बसवली. पुढच्या निवडणुकीत तात्यासाहेबांनी पलीकडच्या काठावर बसवली. दोन्ही कोनशिला चांगल्या दगडाच्या निघाल्या. बायका त्यांच्यावर धुणी आपटतात.

पावसाळ्यात आजारी माणसाला खाटेवर घालून चौघांनी ओढ्यात उतरायचं आणि बाकीच्यांनी काठावर उभं राहून देवाचं नाव घ्यायचं, असा वाडीचा रिवाज. मागच्या आषाढात एक बाळंतीण अशीच नेली. ती परत आली नाही. आणि आता केरबाच्या बायकोला, हिराला, दिवस गेलेले. श्रावणात मोकळी व्हायची होती. श्रावणात ओढा कसा असतो हे केरबालासुद्धा कळत होतं. रात्री झोप लागायची नाही त्याला.

अशात पंचायत समितीची निवडणूक लागली. आबासाहेब उभे राहिले, तात्यासाहेब उभे राहिले, आणि कुणाला न विचारता मालनबाई तिसऱ्या उभ्या राहिल्या. मालनबाई म्हणजे दवाखान्यातल्या जुन्या नर्स. वाडीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. नोकरीत होत्या तोवर कमरेएवढ्या पाण्यातून यायच्या, डोक्यावर पिशवी धरून. पाठीशी पक्ष नाही, जीपगाडी नाही. चिन्ह त्यांनी मागून घेतलं, खाट. म्हणाल्या, पूल झाला की ही खाट घरात राहील, झोपायला.

आणि कार्यकर्ता मिळाला केरबा. दुसरं कुणी आलंच नाही, त्याला त्या तरी काय करणार? भाड्याचे कार्यकर्ते दोन्ही साहेबांनी आधीच नेले होते.

पहिल्या दिवशी बाईंनी त्याला शिकवलं. कुणाच्याही दारात गेलास की हात जोड. तोंडभर हस. म्हण, तुमच्याकडं येऊन फार आनंद झाला, आमची खाट विसरू नका.

केरबानं हे पाठ केलं आणि पलीकडच्या गावात शिरला. पहिल्याच आळीत एका अंगणात ही एवढी माणसं जमलेली. केरबाला वाटलं, चांगलं झालं, एका दमात सगळे भेटतील. तो आत घुसला. घरातला म्हातारा पहाटे गेला होता. बायका आत रडत होत्या, पुरुष बाहेर बांबू बांधत होते. केरबानं हात जोडले. तोंडभर हसला. म्हणाला, "तुमच्याकडं येऊन फार आनंद झाला. आमची खाट विसरू नका."

लोकांनी हातातले बांबू घेऊनच त्याला वेशीपर्यंत पोचवला.

बाईंनी त्याच्या पाठीला हळद लावली आणि समजावलं. अरे, अशा ठिकाणी हसतात होय? मान खाली घालावी. जवळच्या माणसाच्या पाठीवरनं हात फिरवावा. म्हणावं, वाईट झालं, पण कुणाच्या हातात असतं? आता आहे ते गोड मानून दिवस काढा.

केरबाला पटलं. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या आळीला गेला. तिथंही अंगणात गर्दी, तिथंही आत एक बाई रडत होती. केरबानं लगेच ओळखलं. हसला नाही. मान खाली घालून सरळ पुढं गेला. मधोमध पाटावर एक जण मुंडावळ्या बांधून बसला होता, सगळ्यांत जवळचा तोच दिसला. त्याच्या पाठीवरनं हात फिरवत केरबा म्हणाला, "वाईट झालं. पण कुणाच्या हातात असतं? आता आहे ते गोड मानून दिवस काढा."

मांडवात बसलेल्या दोन-चार वयस्क माणसांनी मान डोलावली म्हणतात. पण नवरीच्या मामाला ते पटलं नाही. मामा तालमीतला होता.

पुन्हा हळद. पुन्हा बाई बसल्या शिकवायला. अरे बाबा, ते लग्न होतं. लग्नात अक्षता टाकायच्या. म्हणायचं, जोडा शोभून दिसतो, असाच जन्मभर टिकू दे.

केरबानं खिशात मूठभर तांदूळ घातले आणि निघाला. एस.टी. स्टँडपाशी आला तर तिथं आबासाहेब आणि तात्यासाहेब समोरासमोर गाठ पडलेले. कोनशिला कुणाची आधी, यावरून जुंपली होती. आबासाहेबांनी तात्यासाहेबांची कॉलर धरलेली, तात्यासाहेबांनी आबासाहेबांचा कान. भोवती माणसांचं कडं. इतकी माणसं, मधे दोघं, दोघांच्या गळ्यात हार. केरबानं वाट काढली, दोघांच्या डोक्यावर तांदूळ टाकले आणि म्हणाला, "जोडा शोभून दिसतो. असाच जन्मभर टिकू दे."

आधी कुणी हसलं नाही. मग पानपट्टीवाला हसला. मग सगळा स्टँड हसला. कारण निवडणूक सोडली तर दोन्ही साहेबांची चूल एकच, हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलायची सोय नव्हती. खाटेवाल्यानं बरोबर ओळखलं, असं लोक आपापल्या गावी जाऊन सांगू लागले. ही बाई येतेय बरं का निवडून, असंही कुणी कुणी म्हणू लागलं. मूर्खाच्या हातून कधी कधी असं होऊन जातं, त्यात त्याचा दोष नसतो.

दोन्ही साहेबांची माणसं मात्र केरबावर चिडून होती. बाई घाबरल्या, पोराचं काही बरंवाईट व्हायचं. त्या म्हणाल्या, ते आपले विरोधक आहेत केरबा, त्यांच्यावर तांदूळ कशाला उधळायचे? आपला एक दाणा त्यांच्याकडं जाता कामा नये. यापुढं आधी माणूस ओळखायचा. आपला की त्यांचा, ते विचारायचं, आणि मगच हात पुढं करायचा.

हे केरबाला सगळ्यांत जास्त पटलं. किती सोपं, नुसतं विचारायचं.

त्याच आठवड्यात वाडीच्या म्हसोबाची जेवणावळ आली. दर माघात असते. आसपासच्या गावांची माणसं येतात, त्या दिवशी कुणाला ये म्हणावं लागत नाही. बाई सकाळपासून चुलीपाशी होत्या. केरबाच्या हातात त्यांनी पुरणपोळ्यांची पाटी दिली आणि पंगतीत वाढायला धाडला.

केरबा पहिल्या पानापाशी थांबला. "आपला की त्यांचा?"

तो माणूस म्हणाला, आपलाच की. केरबानं चार पोळ्या वाढल्या. दुसरा आबासाहेबांचा निघाला, त्याचं पान ओलांडून केरबा पुढं गेला. तिसरा तात्यासाहेबांचा, तोही गेला तसाच. चौथा म्हणाला, माझं अजून काही ठरलं नाही बाबा. केरबानं विचार केला आणि त्याला अर्धी पोळी वाढली. असं करत करत तो पंगतीच्या टोकाला आबासाहेबांच्या चुलतीपाशी पोचला. नव्वदीची म्हातारी, म्हसोबाचा नवस फेडायला आलेली. ती रिकाम्या पानासमोर हात जोडून बसली होती आणि केरबा तिला सांगत होता की आजी, तुमचा दाणा तिकडं.

बाई चुलीपासून उठून आल्या. इतके दिवस त्यांनी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारीच्या पाया पडल्या, पाटी केरबाच्या हातून काढून घेतली आणि सगळ्या पंगतीला स्वतः वाढलं. पोळ्या संपल्या. बाई तांब्याभर पाणी पिऊन बसल्या आणि मग केरबाला समोर बसवलं.

"पंगतीत पक्ष नसतो, केरबा. परक्याला आधी वाढायचं, पोटभर वाढायचं. घरच्यांनी मागं राहायचं. उरलं तर खायचं, नाही तर पाणी पिऊन उठायचं. पण परक्याचं पान रिकामं राहता कामा नये. ही आपली रीत आहे. वाडीतल्या एकेकाला जाऊन सांग हे. पुन्हा मला अशी लाज आणू नका."

केरबा रडला. बाईंना आपल्यामुळं लाज वाटली, हे त्याला फार लागलं. एकेकाला सांगतो, म्हणाला, एक घर सोडणार नाही. बाईंना त्याची दया आली. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि जाता जाता नमुन्याची मतपत्रिका हातात दिली. म्हणाल्या, घरोघर जातोच आहेस तर हेही दाखव. शिक्का कसा मारायचा ते समजावून सांग म्हाताऱ्यांना.

तेव्हा मशिनं आली नव्हती. कागदावर तीन चौकोन असायचे, एकाखाली एक. वर आबासाहेब, मधे तात्यासाहेब, खाली मालनबाईंची खाट. केरबा तो कागद घेऊन वाडीभर फिरला. खरोखर एक घर सोडलं नाही. म्हाताऱ्यांना तीन-तीनदा समजावलं, बाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. म्हाताऱ्या ऐकायच्या आणि पदरानं डोळे पुसायच्या. बाई पहिल्यापासून अशीच आहे गं, म्हणायच्या.

एकट्या हिराला काही तरी खटकलं. ती म्हणाली, अहो, असं कसं असेल? केरबा म्हणाला, बाईंनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलंय. मग ती गप्प बसली. बाईंच्या शब्दावर तिचाही जीव होता.

मतदानाच्या दिवशी अख्खी उंबरवाडी ओढा ओलांडून गेली. बायका लुगडी वर खोचून, म्हातारे खाटेवर. हिरा पोटावर हात ठेवून, केरबाच्या खांद्याला धरून. मागं कुणी राहिलं नाही. केंद्रावरचा साहेब म्हणाला, अशी वाडी मी पाहिली नाही. मालनबाई शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. त्यांनी ही रांग बघितली आणि पदर तोंडाला लावला. आयुष्याचं चीज झालं असं त्यांना वाटलं.

मोजणी तालुक्याला झाली. स्टँडवरच्या त्या अक्षता कामाला आल्या होत्या. पलीकडच्या गावांनीही खाटेवर शिक्के मारले होते. एकेक पेटी फुटत गेली तसे दोन्ही साहेबांचे चेहरे उतरत गेले. शेवटी आबासाहेब थोडेसे पुढं राहिले, आणि उंबरवाडीची पेटी तेवढी उरली.

सगळ्यांना हिशेब कळला. उंबरवाडी म्हणजे बाई. आबासाहेब उठून चपला शोधू लागले. बाहेर वाडीच्या पोरांनी गुलालाचं पोतं सोडलं. हिरा भिंतीला टेकून बसली होती, तिनं पोटावरून हात फिरवला आणि पहिल्यांदा मोकळेपणी हसली.

मोजणीच्या साहेबानं पेटी उघडली. पहिली मतपत्रिका उलगडली, बघितली आणि म्हणाला, बाद. दुसरी उलगडली. बाद. तिसरी चष्मा पुसून बघितली. तीही बाद. मग त्यानं बघणं सोडलं आणि नुसतं म्हणत गेला. बाद, बाद, बाद. पेटी संपली. आबासाहेबांनी चपला काढून ठेवल्या आणि पुन्हा खुर्चीवर बसले.

मालनबाई टेबलापाशी गेल्या. मोजणीच्या साहेबानं मतपत्रिका त्यांच्यापुढं पसरल्या. प्रत्येक कागदावर आबासाहेबांच्या चौकोनात एक ठसठशीत शिक्का. तात्यासाहेबांच्या चौकोनात एक ठसठशीत शिक्का. दोन ठिकाणी शिक्का म्हणजे मत बाद. आणि खाली खाटेचा चौकोन कोरा. सगळ्या वाडीचा कोरा.

बाईंनी एकेक कागद हातात घेऊन बघितला. मग त्यांनी मागं वळून विचारलं, "वाडीला कुणी शिकवलं रे हे?"

केरबा पुढं आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या हातून काम बिनचूक झालं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"मीच की, बाई. दोघांच्याबी पानात वाढलं. एकजण उपाशी ऱ्हायला न्हाई."

"आणि माझं पान?"

केरबाला या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"तुमचं कशाला वाढायचं? तुमी घरच्या न्हवं?"