टोकावरची खोली

१२ ऑगस्ट, सकाळपासून भुरभुर पाऊस. पेशी अजून बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. तांबड्या कोंबडीने ओल्या मातीतला दाणा टिपला आणि त्याबरोबर केळ्यासारखा वाकडा, डोळ्यांना न दिसणारा एक परजीवी तिच्या आतड्यात उतरला. आतड्याला बारीक बोटांसारखे उंचवटे होते. पेशी त्यांच्या तळाशी जन्मत आणि रांगेने टोकाकडे सरकत.

परजीवीला पोरं वाढवायला एक पेशी हवी होती. "तळघर नको, मला वरची खोली पाहिजे," म्हणत तो टोकावरच्या म्हाताऱ्या पेशीत शिरला.

"राहा बाबा, पण मी उद्या निघणार आहे."

"पाय आहेत का मावशी, निघायला?" तो हसला. तिच्या पोटात त्याने गोल खोली केली आणि तिचा रस पीत फुगू लागला.

शेजारीण घाबरली. "मावशी, ह्याची पोरं बाहेर पडली की आधी माझ्यातच घुसतील."

"आपल्यात टोकाला पोचलेलीनं जागा सोडायची असते. मी सांगितलंय त्याला."

सकाळी खालून नवी पेशी वर सरकली आणि मावशीने शेजारणीचा हात सोडला आणि ती टोकावरून आतड्याच्या पोकळीत गळून पडली.

दुपारी कोंबडीच्या विष्ठेबरोबर मावशी अंगणात पडली. परजीवी तिच्या पोटातच होता. पोरं झाली नव्हती.