सांबरिणीचा मंत्र

फार वर्षांपूर्वी एका दुष्काळात रानात नुसता विषारी पाला उरला. तो खाऊन सगळ्यांची पोटं फुगत; म्हातारी सांबरीण तेवढी निवांत रवंथ करी.

“आजी, मंत्र कोणता?” हरिणीने विचारलं.

सांबरीण सांगून सांगून थकली होती. “मंत्र नाही गं बाई. माझ्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, ते विष पचवतात. माझ्या लेंड्या खा, तुझ्याही पोटात येतील.”

“शी! त्यापेक्षा मेलेलं बरं!”

संध्याकाळी हरिणी आपल्या पाडसाला गुपचूप लेंड्या चारत होती. सांबरिणीने न पाहिल्यासारखं केलं.

पाडस वाचलं. “कसं गं?” सगळ्यांनी विचारलं.

हरिणी मान ताठ करून म्हणाली, “आजीने मंत्र दिला.”

दुसऱ्या दिवशी सांबरिणीपुढे मंत्रासाठी रांग लागली. तिच्यामागे लेंड्या तशाच वाळत पडल्या होत्या.