मोरीत प्रकटलेला देव

आमच्या सोसायटीचे चेअरमन घोसाळकर भजी तळून उरलेलं तेल खुशाल सिंकमध्ये ओतायचे आणि खालच्या मजल्यावर कुमुदताईंची मोरी तुंबायची. ताईंनी तक्रार केली की वर तेच उखडायचे, "गरम तेल वाहून जातं हो! मला शिकवू नका."

शनिवारी प्लंबरनं पाइपातून नारळाएवढा थिजलेला गोळा काढला. ताईंनी त्याला शेंदूर फासला, हार घातला आणि पाटावर ठेवून चेअरमनच्या दारात नेला.

चेअरमनचे हात आपोआप जुळले. "वा, स्वयंभू! कुठं प्रकटले?"

"आमच्या मोरीत."

"मग माझ्याकडे कशाला आणलेत?"

"रोज तेल तुम्हीच तर वाहता, चेअरमनसाहेब!"

दुसऱ्या दिवसापासून चेअरमन उरलेलं तेल गार करून बाटलीत भरू लागले. देवाची भीती, दुसरं काय!