वैजूने बसवलेले ब्रेक

“मग उद्या माझ्याच गाडीतून यायचं ना, बुवा?”

वैजूने हे सकाळपासून चौथ्यांदा विचारलं. हात कोपरापर्यंत काळे, कपाळावर ग्रीसचा पट्टा आणि चेहरा लग्नघरातल्या करवलीसारखा.

सोमगिरी बुवा मठाच्या ओट्यावर शेंगा सोलत होते.

“ब्रेक कुणी बसवले?”

“मी.”

“गाडी थांबते?”

“न थांबायला काय झालं?”

बुवांनी एक दाणा तोंडात टाकला. “कशावरून थांबते?”

...

दुसऱ्या दिवशी बुवांना घाट उतरून तालुक्याला जायचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन. दरवेळी खालच्या गावातला जीपवाला त्यांना नेतो. या खेपेला वैजू हटून बसली होती.

ती तालुक्याच्या तंत्रनिकेतनात यंत्रं शिकवते. सहा वर्षं दर रविवारी घाट चढून मठात येते. मठातल्या आम्हा मंडळींत जास्त शिकलेली तीच, आणि ते ती विसरत नाही. आम्हालाही विसरू देत नाही.

या सहा वर्षांत बुवा एकदाही तिच्या गाडीत बसले नव्हते. कधी म्हणाले, चालत जातो. कधी म्हणाले, जीप सांगितली आहे. आम्हाला त्यात विशेष काही वाटलं नाही. तिला मात्र ते फार लागलं होतं.

त्यात मागच्या रविवारी तिची गाडी आली ती खरखरत. ब्रेक लावला की लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. मी म्हटलं, “गॅरेजला टाक, बाई.”

“कशाला? दोन डिस्क, त्यांना चिमटणारे चार पॅड. माझं मी करीन.”

आणि आज सकाळी सातलाच तिने मठाच्या अंगणात दुकान मांडलं होतं.

...

“कशावरून म्हणजे?” वैजू ओट्याच्या पायरीवर टेकली आणि सुटलीच. “जुनी डिस्क पाहिलीत ना? झिजून मधे खड्डा आणि कडेला काठ उभा राहिलेला. ती काढली. आतला गंज तारेच्या ब्रशने घासून काढला, नाहीतर नवी डिस्क वाकडी बसते. नव्या डिस्कवर कारखान्याचं तेल असतं, ते पुसलं. पॅडना ढकलणारा पिस्टन मागे दाबला, पॅड बसवले. बोल्ट किती आवळायचा तेही ठरलेलं असतं. त्यासाठी जोर मोजणारा पाना कॉलेजातून आणला. एक पायरी चुकली नाही, बुवा. मला विचारा ना काहीही.”

बुवांनी पुढची शेंग फोडली.

खोटं कशाला बोलू, पाहताना मलाही चेव आला होता. डावी डिस्क गंजाने अशी धरून बसली होती की हलेना. वैजू हातोडीने घाव घालायची, डिस्क थोडी फिरवायची, पुन्हा घाव घालायची. तिच्या घामाच्या धारा वाहत होत्या आणि मी कॅरम पाहणाऱ्यासारखा “थोडं डावीकडे, थोडं डावीकडे” करत होतो. मला स्टेपनीसुद्धा बदलता येत नाही. पण डिस्क ठाण्णकन सुटली तेव्हा टाळी मीच आधी वाजवली.

मग नव्या चकचकीत डिस्कला पाहून मठात रांधणाऱ्या शेवंताक्का स्वयंपाकघरातून हळदकुंकू आणि तेलाची वाटी घेऊन आल्या. नवी वस्तू बसवायची आणि बोट नाही लावायचं? बोट टेकणार एवढ्यात वैजू किंचाळली.

“आक्का, तेल नको. तिथे तेल लागलं तर ब्रेकच लागणार नाही.”

“अगं, देवाचं तेल आहे.”

“देवाचं असलं तरी घसरतं.”

आक्का रुसल्या. शेवटी बॉनेटवर कुंकू लावून तडजोड झाली. तोवर वैजूने चाकं चढवली, गाडी जॅकवरून खाली घेतली, हात झटकले आणि तशीच धावत बुवांकडे आली.

एवढं झालेलं होतं.

...

“आता सपाटावर दोन-चार फेऱ्या मारून आणते,” वैजू उठत म्हणाली. “नवे पॅड आधी हळूहळू ब्रेक लावून बसवावे लागतात. मग उद्या घाट. मग बसाल?”

बुवांनी टरफलं गोळा करून सुपात टाकली. काठी घेतली, अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेले आणि फाटकाच्या मधोमध उभे राहिले. गाडीकडे पाठ, तोंड रस्त्याकडे.

मठाचं अंगण विहिरीपाशी सपाट आहे. तिथून फाटकाकडे उतार. गाडी विहिरीपाशी, बुवा फाटकात. मधे वीस पावलं असतील.

“बुवा, बाजूला व्हा ना. गाडी काढायचीय.”

बुवा हलले नाहीत.

वैजू हसली. तिला वाटलं, परीक्षा आहे. परीक्षा म्हटली की ही बाई खुलते.

“बरं. मग बघाच. तुमच्यापासून हातभर अंतरावर आणून थांबवते.”

आक्कांनी तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, “वैजू, असलं काही करू नकोस.” पण खरं तर मीही उठून उभा राहिलो होतो, नीट दिसावं म्हणून. माणसाची जात.

ती गाडीत बसली. गाडी सुरू झाली. गिअर पडल्याचा आवाज आला. तिचा हात हँडब्रेकवर गेला.

...

गाडी हलली नाही.

आम्ही बघतोय. इंजिन चालू. वैजू काचेतून समोर पाहतेय. बुवा पाठमोरे.

पुढचं तिनेच नंतर सांगितलं. हँडब्रेक सोडणार तेवढ्यात तिला बुवांची मान दिसली. बारीक, सुरकुतलेली, मागे दोन-चार पांढरे केस. सहा वर्षांत तिने त्यांचा चेहराच पाहिला होता, मान कधी पाहिली नव्हती. उजवा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

ब्रेक खाली गेला. सरळ तळाला टेकला. मधे काही नव्हतंच.

पॅड बसवताना पिस्टन मागे दाबलेला असतो. तो परत पुढे यायला गाडी हलवण्याआधी ब्रेक चार-सहा वेळा दाबून घ्यावा लागतो. पोरांना ती दरवर्षी हे फळ्यावर लिहून देते. आज कुंकवाच्या वादात आणि बुवांना दाखवायच्या घाईत तेवढंच राहिलं होतं.

तिने पुन्हा दाबला. पुन्हा. पाचव्यांदा काहीतरी लागलं. सातव्यांदा ब्रेक दगडासारखा घट्ट झाला.

बाहेर आम्हाला यातलं काही कळलं नव्हतं. कळणारही नव्हतं. आता तिने ऐटीत गाडी काढली असती, हातभर अंतरावर थांबवली असती, आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या आणि उद्या बुवा तिच्या गाडीतून घाट उतरले असते.

इंजिन बंद झालं.

...

वैजू उतरली.

“बुवा.”

“हं.” ते वळले नाहीत.

“ब्रेक नव्हता.”

आक्कांच्या हातातली वाटी कलंडली. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“काय म्हणालीस?” मी विचारलं.

“ब्रेक लागत नव्हता, काका. दाबून घ्यायचा राहिला. मी तशीच गाडी सोडणार होते.” तिने फाटकाकडे बोट दाखवलं. “यांच्या अंगावर.”

मग ती रडली. एवढी शिकलेली बाई, पण काळ्या हातांनी डोळे पुसत लहान पोरीसारखी रडली. मला तिचा राग आला, तिची दयाही आली, आणि टाळी वाजवणाऱ्या माझ्या हातांची लाजही वाटली.

आक्का फोन शोधू लागल्या. “मी जीपवाल्याला सांगते. उगाच ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नसता घोर.”

“सांगा,” वैजू म्हणाली. “जीपच सांगा.”

...

आता बुवा वळले.

“तुम्हाला माहीत होतं, बुवा?” वैजूने विचारलं.

“मला काय कळतंय गाडीतलं?”

“मग उभे का राहिलात?”

...

“आता लागतो का?” बुवांनी विचारलं.

“लागतो. सात वेळा दाबला.”

“मग आम्हाला सांगितलंस कशाला? आमच्यापैकी कुणाला दिसलं होतं?”

वैजूने आपल्या काळ्या हातांकडे पाहिलं.

“तुम्ही उद्या यात बसणार होता,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत असायला हवं, ब्रेक बसवणारे हात कसे आहेत ते.”

बुवांनी मान हलवली. काठी फाटकाला टेकवून ठेवली. आणि गाडीच्या दिशेने चालत आले... दहा पावलं. पाहतो तर मधेच थांबले. गाडीकडे पाठ केली आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

आक्का फोन कानाला लावून तशाच थिजल्या. पलीकडून जीपवाला “हॅलो, हॅलो” करत होता.

“बुवा, नको,” वैजू कळवळून म्हणाली. “तिथून व्हा बाजूला. पाया पडते तुमच्या.”

“गाडी काढ.”

“माझ्याच्यानं नाही होणार. मघाशी काय झालं असतं... आता परत कशाला उभे राहताय?”

बुवांनी मागे वळून पाहिलंही नाही.

“वैजू, आता कुठे इथे उभं राहण्यासारखं झालंय.”